संगणकाचा मोतीबिंदू

अस्पष्ट असणं ही पूर्वी नामुष्कीची गोष्ट होती. परीक्षेत उत्तर अस्पष्ट लिहिलं की मार्क जात. तारेतला मजकूर अस्पष्ट आला की घरात आधी रडारड होई, आणि मग कुणीतरी शहाणा माणूस ती तार उजेडात धरून सांगे, की मावशी गेलेली नाही, मावशी निघालेली आहे. रेशनकार्डावरचा शिक्का अस्पष्ट उठला तर कारकून कार्ड आपल्याच अंगावर भिरकावी. आणि फोटो अस्पष्ट आला, तर स्टुडिओतला फोटोग्राफर चेहरा पाडून म्हणे, "हलला तुम्ही. परत बसा." त्या फोटोचे तो पैसे घेत नसे.

हल्ली घेतो. जास्त घेतो.

कारण अस्पष्टपणाला आता मान आलेला आहे. त्याला 'ब्लर' असं म्हणतात. 'फोटो धुरकट आलाय' म्हटलं की तो दोष, आणि 'मागं ब्लर दिलाय' म्हटलं की ती कला. 'दिलाय' हे क्रियापद ध्यानात घ्या. आमटीला फोडणी देतात, भिंतीला रंग देतात, तसा फोटोला ब्लर देतात. म्हणजे पूर्वी जे आपोआप बिघडत होतं ते आता मेहनत घेऊन बिघडवतात, एवढाच काय तो फरक. तरीही या फरकाबद्दल तावातावानं भांडायला मी तयार आहे, आणि आज तेच करणार आहे. ज्यांना भांडणं आवडत नाहीत त्यांनी पुढचा लेख वाचायला घ्यावा. कोल्हापुरात राहून भांडणं न आवडणारी माणसं कमी असतात, पण असतात.

माझं या ब्लरशी वैर आहे त्याचं कारण वैद्यकीय आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. पट्टी निघाली, आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. त्यातल्या तिथी दिसल्या. संकष्टी कालच होऊन गेली आणि मी काल दोन वेळा जेवलो, हेही दिसलं. जग इतकं स्वच्छ असतं हे मी विसरूनच गेलो होतो. आमच्या घराच्या भिंतींना रंगाची किती गरज आहे हे मला त्याच दिवशी कळलं. बायकोला ते पंधरा वर्षं माहीत होतं.

अशा नव्या डोळ्यांनी मी घरी बसलो असताना मुलानं मोठ्या कौतुकानं लॅपटॉप पुढं ठेवला. आमच्या शाळेची नवी वेबसाइट निघाली होती. पहिल्याच पानावर शाळेच्या इमारतीचा पानभर फोटो. पण ती इमारत हुबेहूब तशी दिसत होती, जशी ती मला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिसली असती. जिना की खिडकी, झाड की हेडमास्तर, काही उमगेना. त्या धुक्यावर सुतासारख्या बारीक पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. मी चष्मा पुसला. मग लॅपटॉपची काच पुसली. मुलगा म्हणाला, "बाबा, पुसू नका. तो ब्लरच आहे. मुद्दाम दिलाय."

ऑपरेशन करून काढलेले मोतीबिंदू पुढं जातात कुठं, असा एक प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर त्या दिवशी मिळालं.

शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय लढाई करू नये. आमच्या शेजारी वेबसाइटी करणारं एक पोरगं राहतं. पोरगं गुणी आहे, फक्त रात्री जागतं आणि दुपारी उठतं. त्याला गाठून विचारलं, हा ब्लर करतात तरी कसा? ते म्हणालं, "काका, लई सोपं असतंय. सीएसएसची एक ओळ लिवायची. फिल्टर, म्होरं ब्लर, आणि कंसात आकडा. चार टाकला की पन्हाळा, आठ टाकला की गगनबावडा, आणि वीस टाकला की पार आंबोली."

धुक्याचं इतकं शास्त्रशुद्ध मोजमाप मी आजवर ऐकलं नव्हतं.

आता सीएसएस म्हणजे काय, तर वेबपानांना कपडे घालायची भाषा. होकोन विउम ली नावाच्या नॉर्वेच्या गृहस्थानं १९९४ साली तिची कल्पना मांडली आणि १९९६ साली तिला अधिकृत मान्यता मिळाली. कल्पना झकास होती. मजकूर आणि चित्रं एकीकडे ठेवायची, आणि त्यांचा रंग, आकार, समास, सगळा थाटमाट दुसरीकडे लिहायचा. म्हणजे उद्या कपडे बदलावेसे वाटले तर आतल्या माणसाला हात लावायला नको. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. आपल्याला पुढं तिचं काम आहे. कपडे वेगळे, माणूस वेगळा.

ब्लरचं गणितही पोरानं समजावून दिलं. पडद्यावरचं चित्र म्हणजे रांगोळीसारखे रंगीत ठिपके. ब्लर द्यायचा म्हणजे प्रत्येक ठिपक्यानं आपला रंग सोडून शेजारपाजारच्या ठिपक्यांच्या रंगांची सरासरी घ्यायची. जवळच्या शेजाऱ्याचा मान जास्त, लांबच्याचा कमी. कुणाचा मान किती हे एका घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेवरून ठरतं, आणि ती रेषा गाउस या जर्मन गणितज्ञाच्या नावानं ओळखली जाते. कंसातला आकडा म्हणजे ही घंटा किती पसरट ठेवायची त्याचं माप. मला हे चटकन समजलं, कारण मी वाड्यात वाढलो. वाड्यात कुणाचाच रंग स्वतःचा राहत नसे. शेजारच्यांच्या रेडिओवरची गाणी आपल्याला पाठ होत, समोरच्यांच्या भांडणात आपण घसा बसवून घेत असू, आणि लांब कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाचा फक्त सुक्या मासळीचा वास येई. पाहुण्याला वाड्यात शिरल्यावर एक मूल दुसऱ्यापासून वेगळं ओळखता येत नसे. तो गाउसचाच ब्लर.

पण मला वाईट वाटतं ते गाउसचं. हा माणूस १७७७ ते १८५५ या काळात होऊन गेला. १८०१ साली सेरेस नावाचा नवाच सापडलेला गोल सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला, तेव्हा तो पुन्हा कुठं उगवेल हे या पठ्ठ्यानं कागदावर गणित करून सांगितलं, आणि तो जवळपास तिथंच सापडला. ज्यानं आकाशात हरवलेला गोल शोधून दिला, त्याच्या नावाची रेषा वापरून आम्ही रस्त्यावर उभी असलेली शाळा हरवून दाखवतो.

ही फॅशन काही आमच्या गल्लीत जन्मलेली नाही. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा तिच्या खिडक्यांच्या कडा धुरकट काचेच्या होत्या. २०१३ साली आयफोनच्या पडद्यावर तशीच काच बसली, आणि २०२५ साली त्याच कंपनीनं 'लिक्विड ग्लास' म्हणून पुन्हा नवी काच आणली. एवढ्या मोठ्या कंपनीनं केलं म्हटल्यावर जगभर सगळ्यांनी केलं. वास्तविक अशी खडबडीत काच आमच्याकडं फार जुनी आहे. ती न्हाणीघराच्या खिडकीला लावतात. दिवाणखान्याला ती लावावी असं आमच्या वाडवडिलांना कधी सुचलं नाही, कारण दिवाणखान्यात लपवण्यासारखं काही चालत नाही अशी त्यांची समजूत होती.

शेजारच्या पोराकडं यावर उत्तर होतं. "काका, मागचा फोटो धुरकट केला की वरची अक्षरं उठून दिसत्यात." मी म्हटलं, बाळा, अक्षरं उठून दिसायला हवीत ना? मग मागं फोटो हवाच कशाला? साधा रंग दे. पांढऱ्यावर काळं हे हजार वर्षं चाललेलं आहे आणि त्याबद्दल अजून कुणाची तक्रार आलेली नाही. वेबपानांवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आणि अक्षरांचा उजळपणा आणि मागच्या रंगाचा उजळपणा यांत निदान साडेचारास एक एवढं अंतर हवं, असं ती सांगते. धुरकट फोटोत हे अंतर एका कोपऱ्यात असतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात नसतं. ढगाच्या जागेवर पांढरं अक्षर आलं की गेलंच. शाळेच्या पानावर 'प्रवेश सुरू' मधला 'प्रवेश' नेमका ढगात होता. नुसतं 'सुरू' दिसत होतं. काय सुरू आहे ते कळत नव्हतं.

आणि हे सगळं कोल्हापुरात व्हावं! ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा बनवला, त्या गावात! वाचकहो, जरा आठवा. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघांना सिनेमाचं वेड लागलेलं. कॅमेऱ्याच्या खटाटोपात असतानाच १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो खटाटोप तडीला नेला आणि १९१८ च्या सुमाराला घरचा कॅमेरा उभा केला. तानीबाई कागलकरांनी पैसा पुरवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. १९२० साली 'सैरंध्री' आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की तो प्रसंग पुढं चित्रपटातून काढायला लागला असं सांगतात. बघा, काढायला लागला. धुरकट करून ठेवला नाही. ही सगळी यातायात कशासाठी होती? माणूस पडद्यावर माणसासारखा दिसावा यासाठी. कॅमेऱ्याचं स्मारक उभारणारं गाव आहे हे. आणि आज त्याच गावात बारशाच्या फोटोत बाळ स्पष्ट आणि आजी धुरकट!

हा पोर्ट्रेट मोड नावाचा प्रकार तर फारच आगाऊ. खऱ्या कॅमेऱ्यात भिंगाचं तोंड मोठं उघडलं की जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर येतं. तो प्रकाशाचा धर्म आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. फोनच्या भिंगाचा जीव एवढासा. त्याला ते जमत नाही. मग फोन अंदाज करतो, की माणूस कुठं संपला आणि भिंत कुठं सुरू झाली. अंदाज हा अंदाजच. परवा एका लग्नात नवरदेवाच्या मामांचा फोटो काढला. मामांनी भगवा फेटा बांधलेला, तुरा चांगला वीतभर वर. फोनला फेटा माणसाचा वाटला आणि तुरा मंडपाचा वाटला. मामा स्पष्ट आले, तुरा धुक्यात गेला. मामा फोटो बघून म्हणाले, "तुरा कुठं गेला रं? एवढा वेळ कशाला उभा केलता मग त्यो?" आमच्याकडं एखाद्याचा तुरा धुरकट करणं ही खुन्नस मानली जाते, हे अमेरिकेतल्या इंजिनिअरांना कुणी तरी कळवायला हवं.

व्हिडिओवरच्या मीटिंगांत तेच. मागं वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून माणसं ब्लर देतात. कपडे दिसत नाहीत हे खरं, पण बोलता बोलता मान वळवली की एक कान गायब होतो. मुंबईचा माझा मेहुणा अर्धा तास एका कानानं बोलत होता. त्याच्या मागं कुठली भिंत आहे याची मला मुळीच उत्सुकता नव्हती. ती ब्लर बघून लागली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, आणि मी नेतही होतो. पण मग भाचीच्या फोटोचा प्रकार झाला.

माझ्या बहिणीनं मुलीचं नाव एका वधुवर सूचक मंडळात नोंदवलं. मंडळाची वेबसाइट आहे. तीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'मुलींच्या फोटोंची संपूर्ण गोपनीयता'. म्हणजे कसं, तर मुलीचा फोटो सगळ्यांना धुरकट दिसणार, आणि पैसे भरलेल्या सभासदाला स्पष्ट. बहीण खूश. मीही ते पान उघडून बघितलं. ओळीनं पंचवीस-तीस मुली, सगळ्या आंबोलीच्या घाटात उभ्या असल्यासारख्या. त्यात आपली कुठली हे सख्ख्या मामाला सांगता येईना.

शेजारचं पोरगं चहाला आलेलं. त्यानं माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं आणि म्हणालं, "काका, ह्ये नुसतं सीएसएस हाय." मी म्हटलं, म्हणजे? त्यानं फोटोवर उजवं बटण दाबलं. बाजूला एक खिडकी उघडली. तीत ती ओळ होती, फिल्टर, ब्लर, कंसात आठ. ओळीच्या शेजारी एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. पोरानं ती खूण काढली.

धुकं फिटलं. नुसतं भाचीच्या फोटोवरचं नव्हे, सगळ्याच मुलींच्या फोटोंवरचं, एकदम. चहा अजून गाळायचा होता.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथं कामाला येते. कपडे वेगळे, माणूस वेगळा. सीएसएसनं फोटो धुरकट केला, तरी मूळचा स्वच्छ फोटो आपल्या संगणकावर पोचलेलाच असतो. तो पोचल्यावर आपलाच संगणक, आपल्याच विजेवर, त्यावर धुकं पसरतो. म्हणजे डबा बिनझाकणाचाच घरी पोचवायचा, आणि वर चिठ्ठी चिकटवायची, की कृपया झाकण आहे असं समजावं. ती चिठ्ठी काढायला चोर लागत नाही. चहाला आलेलं पोरगं पुरतं.

मी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ऑफिसात गेलो. संचालक भला माणूस. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हटलं, "तुमच्याकडच्या मुलींचे फोटो उघडे आहेत."

"छे छे. ब्लर केलेत की."

"तो ब्लर निघतो. माझ्या देखत निघाला."

"असं कोण काढतंय साहेब? आपल्याकडं येणारी सगळी घरंदाज माणसं."

"सगळी घरंदाज आहेत, तर मग ब्लर कशाला दिलाय?"

यावर त्यांनी वेबसाइट करणाऱ्याला फोन लावला. पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. यांचं आलं. "हां... हां... किती हाय म्हणालास? आठ? अरे मग वाढीव की!" फोन ठेवून माझ्याकडं वळले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "झालं काम."

दोन दिवसांनी पानावर सूचना आली, की सभासदांच्या आग्रहास्तव गोपनीयता तिपटीनं वाढवण्यात आलेली आहे. आठाचे चोवीस केले होते. चौकोन तिथंच होता. खूणही तिथंच होती.

भाचीला हे सांगताना मी जरा चाचरत होतो. ती पक्की कोल्हापूरची. "मामा, मी जाऊन येतो," म्हणाली, आणि गाडीला किक मारून गेली. परत आली ती फोटो काढून टाकून. "मी सांगून आलो त्यास्नी," ती म्हणाली. "दाखवायचा तर नीट दाखवा, लपवायचा तर देऊच नका. ह्ये मधलं मला नको. आणि पैसे भरले की चेहरा दिसणार म्हणजे काय हो मामा? मी काय लॉटरीचं तिकीट हाय, खरडून बघायला?"

या वाक्यापुढं माझा सगळा लेख फिका आहे. संपादकांनी नुसतं तेवढंच छापलं तरी माझी हरकत नाही. पण लेखाचे पैसे शब्दांवर मिळतात, म्हणून पुढं लिहितो.

तिचं म्हणणं असं, की धुरकट फोटो हा दोन्हीकडून फायदा घेतो. मुलीच्या बापाला सांगतो, की मी लपवलं. गिऱ्हाइकाला सांगतो, की मी थोडं दाखवलं. आणि मुलीला कुणी विचारतच नाही. खरं लपवायचं असेल तर त्याची रीत आहे, आणि ती अवघड नाही. जिथून फोटो निघतो त्या संगणकावरच त्याची वेगळी, बिघडवलेली प्रत करायची आणि फक्त तीच बाहेर पाठवायची. मूळ फोटो कुलपात. ज्याला मुलीनं होकार दिला त्यालाच तो द्यायचा. त्याहून बरं म्हणजे चेहऱ्याच्या जागी सरळ कोरा चौकोन. कारण धुरकट केलेल्या चेहऱ्याचाही भरवसा नाही. २०१६ साली टेक्सास आणि कॉर्नेल इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की शिकवून तयार केलेला संगणक ब्लर केलेले चेहरेसुद्धा ओळखू शकतो. एका गुन्हेगारानं स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून टाकलेले फोटो पोलिसांच्या हाती लागले. जर्मन पोलिसांनी तो भोवरा उलटा फिरवला, २००७ साली इंटरपोलनं चेहरा जाहीर केला, आणि काही दिवसांत गडी थायलंडात सापडला. तिथं चांगलं झालं. पण जी युक्ती पोलिसांना येते ती इतरांनाही येते.

आणि ही काही फक्त लग्नाळू मुलींची गोष्ट नाही. अत्याचार झालेल्या बाईची, मुलाची ओळख उघड करणं हा आपल्याकडं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं ७२ वं कलम आहे, मुलांसाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम आहे. उद्या कुणी बातमीतला असा फोटो त्या एका ओळीनं झाकला आणि कायदा पाळल्याच्या समाधानात जेवायला गेला, तर एखाद्याचा जन्म त्या चौकोनातल्या खुणेवर टांगलेला राहील. म्हणून मी भांडतोय. नुसत्या शाळेच्या इमारतीसाठी एवढा घसा कोरडा केला नसता.

आता कुणी म्हणेल, की याला धुकंच आवडत नाही. तसं नाही. आबालाल रहिमानांची निसर्गचित्रं ज्यांनी पाहिलीत त्यांना ठाऊक आहे. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ, सकाळच्या विरघळत्या उजेडात. तिथं धूसर आहे ते धूसर असायलाच हवं. त्यातून पलीकडचा काठ शोधायला आपण चित्राच्या जवळ जातो. वेबसाइटवरचा रंकाळा धुरकट असतो तो जलपर्णी दिसू नये म्हणून. त्याच्या आपण जवळ जात नाही, खाली सरकतो.

आणि अंतरपाटालाही माझा विरोध नाही. नेट सावकाश असलं की काही पानांवर आधी चित्राची इवलीशी, बोटभर प्रत येते. तीच ताणून, धुरकट करून जागा धरून ठेवतात, आणि मागून खरं चित्र आलं की ते धुकं विरतं. हा अंतरपाट. मंगलाष्टकं चालू असेपर्यंत धरला, 'सावधान' झालं की काढला. यात फसवणूक नाही, सोय आहे. अंतरपाट लग्नानंतर वर्षभर धरून उभं राहिलं तर मात्र भटजींना विचारावं लागेल, की बुवा, विचार काय आहे?

आमच्या गावाला तर स्पष्ट दिसण्यासाठी थांबायची सवय आहे. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येत येत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. माणसं श्वास रोखून उभी असतात. एखाद्या वर्षी ढग येतो, धूळ येते, रस्त्यावरचं बांधकाम आडवं येतं, आणि किरणं अलीकडंच विरतात. तेव्हा आजवर मी एकाही भाविकाला असं म्हणताना ऐकलेलं नाही, की वा, काय छान सॉफ्ट लुक आला! सगळं गाव हळहळतं. कुठली इमारत आडवी आली याची चौकशी होते. स्पष्ट दिसण्यात अडथळा आणणं हा अपराध आहे, हे आम्हाला देवळात कळतं. संगणकावर कळत नाही.

म्हणून वेबसाइटी करणाऱ्या तमाम पोरांना माझ्या तीन विनंत्या आहेत. तुम्ही हुशार आहात, आणि आमच्या पेन्शनीचे फॉर्म तुमच्याच हातात आहेत, म्हणून विनंत्या म्हणतो. पहिली, जे दाखवायचं ते स्वच्छ दाखवा. शाळा असेल तर शाळा दिसू दे, भिंतीचा पोपडा निघाला असेल तर तोही दिसू दे, म्हणजे कुणीतरी देणगी देईल. दुसरी, जे लपवायचं ते बाहेर पाठवूच नका. आणि तिसरी, कंसात आकडा टाकण्यापूर्वी एकदा घरातल्या म्हाताऱ्याला बोलावून विचारा, की काय दिसतंय? त्यानं चष्मा पुसायला काढला, तर ओळ खोडा.

जाता जाता संपादकांना एक विचारून ठेवतो. हा लेख तुम्ही तुमच्या वेबसाइटवरही घालणार असं कानावर आलंय. खुशाल घाला. फक्त अक्षरांच्या मागं रंकाळ्याचा संध्याकाळचा फोटो नको. आणि माझा फोटो घालणार असाल तर स्पष्ट घाला. सुरकुत्या आहेत त्या माझ्या स्वतःच्या आहेत. शेजाऱ्यांची सरासरी नाही.